जखमांची वाट : दक्षिण आफ्रिकेतील वारसा-सहलींविषयी

रेजिना मुंडी म्हणजे विश्वाची राणी. पवित्र मारियेचे हे नाव धारण करणारे एक प्रशस्त कॅथलिक चर्च जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत उभे आहे. एका वेळी दोन हजारांहून अधिक भाविक बसू शकतील एवढी ही वास्तू मोठी आहे. मात्र तिच्या साध्या बांधणीत डोळे दिपवणारे काही नाही. तरीही जगभरातून आलेल्या पर्यटकांच्या बसगाड्या तिच्या आवारात येऊन थांबतात. मार्गदर्शक पाहुण्यांना आत नेतो आणि छताकडे बोट दाखवतो. तेथे बंदुकीच्या गोळ्यांची भोके आहेत. 16 जून 1976 रोजी सोवेटोतील विद्यार्थी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जीव वाचवण्यासाठी अनेक मुले या चर्चमध्ये धावत शिरली. पोलीस त्यांच्या मागोमाग आत आले आणि प्रार्थनेच्या जागी गोळीबार झाला. त्या धुमश्चक्रीत संगमरवरी वेदीचा कोपराही फुटला. छतातील भोके आणि तो फुटका कोपरा धर्मग्रामाने पुढे दुरुस्त केले नाहीत. ते तसेच राखले.

एखाद्या समाजाने आपल्या जखमा परक्याला दाखवाव्यात का, दाखवायच्या तर कशा, आणि पाहणाऱ्याने त्या कोणत्या मनाने पाहाव्यात, हे प्रश्न या फुटक्या वेदीपुढे उभे राहतात. 1994 साली दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. त्यानंतर वर्णभेदाचा इतिहास आणि टाउनशिप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांमधील लोकजीवन दाखवणाऱ्या सहली तेथे रूढ झाल्या. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण आपण करतो, तसे या सहलींचेही करता येते. त्यांना संहिता असते, निवेदक असतो, आरंभ आणि शेवट असतो. काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवडही असते. ती निवड तपासणे हे समीक्षेचे काम आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. 1948 मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि आधीपासून चालत आलेल्या वर्णभेदाला तिने कायद्याची पोलादी चौकट दिली. कोणी कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी विवाह करावा, कोणत्या दारातून आत जावे, हे माणसाच्या कातडीच्या रंगावरून ठरू लागले. 1950 च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने शहरांची वर्णवार वाटणी केली. कृष्णवर्णीयांनी शहरात काम करावे, पण रात्री शहराबाहेरच्या वस्तीत परतावे आणि सदैव परवान्याचे पुस्तक खिशात बाळगावे, अशी ती व्यवस्था होती. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येकडील अशा अनेक वस्त्यांना मिळून 1963 साली सोवेटो हे नाव देण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सोवेटोत परक्या पाहुण्यांना बसमधून फिरवण्याची कल्पना स्वातंत्र्यानंतरची नाही. वर्णभेदाच्या ऐन काळात शासकीय यंत्रणाच अशा सहली काढीत असे. आपले राज्य कृष्णवर्णीयांसाठी किती काही करते आहे, हे जगाला पटवणे हा त्यांचा हेतू होता. पाहुण्याला निवडक गोष्टी दाखवायच्या, आणि त्याने बसच्या काचेतून पाहून समाधानाने परतायचे. रस्ते तेच, घरे तीच. निवेदक तेवढा शासनाचा होता. म्हणून वस्तीत जाऊन आले म्हणजे सत्य पाहिले, असे मानता येत नाही.

मग या सहलींना कसोटी कोणती लावावी? कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या माणसाला ती दूर शोधावी लागत नाही. उपवासकाळातील शुक्रवारी आपण क्रुसाची वाट करतो. चौदा स्थानांपुढे थांबत, गुडघे टेकत, आपण एका छळाची कथा पायांनी वाचतो. जेरुसलेमच्या गल्ल्यांतून फ्रान्सिस्कन व्रतस्थ शतकानुशतके यात्रेकरूंना नेत आले. दुःखाच्या जागा दाखवणारी ही बहुधा जगातील सर्वांत दीर्घायुषी मार्गदर्शित वाट असावी. तिची तीन लक्षणे आहेत. ज्याने दुःख भोगले त्याच्याशी नाते असलेला समाज ती कथा सांगतो, हे पहिले. पुनरुत्थानाने जखमा पुसल्या जात नाहीत, हे दुसरे. उठलेल्या प्रभूने थोमाला आपले हात आणि कूस दाखवली तेव्हा त्या जखमा तेथे होत्याच. तिसरे लक्षण सर्वांत अवघड आहे. या वाटेवर शिपाई आहेत, हात धुणारा पिलात आहे, बघ्यांची गर्दी आहे, खांदा देणारा सिमोन आहे, चेहरा पुसणारी वेरोनिका आहे. आणि प्रत्येक स्थान भाविकाला विचारते की, तू यांपैकी कोण? उत्तर न देता पुढच्या स्थानाकडे गेलो तर प्रार्थना झाली असे होत नाही.

या तीन लक्षणांच्या उजेडात दक्षिण आफ्रिकेतील काही प्रमुख स्थळे पाहू.

रेजिना मुंडीपासूनच आरंभ करावा. जाहीर सभांना बंदी असलेल्या काळात हे चर्च सोवेटोचे सभागृह झाले होते. पोलिसांच्या हातून मेलेल्यांच्या अंत्यविधीला लोक तेथे जमत, आणि अंत्यविधीची सभा हीच त्यांची राजकीय सभा ठरे. पुढे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाच्या काही सुनावण्याही येथेच झाल्या. म्हणजे जेथे गोळ्या झाडल्या गेल्या तेथेच साक्षी नोंदल्या गेल्या. चर्चमध्ये लॅरी स्कली या चित्रकाराने 1973 साली रंगवलेले कृष्णवर्णीय मारिया आणि बाळ येशू यांचे चित्र आहे. त्या चित्रात माता-पुत्राच्या खाली एक मोठा डोळा आहे. तो सोवेटोचा डोळा मानला जातो. पाहायला आलेल्या पाहुण्याकडे ही वस्तीही पाहत आहे, असे जणू तो बजावतो. स्थळाची निवड, त्याची राखण आणि त्याचा अर्थ या दृष्टीने रेजिना मुंडी पहिल्या दोन कसोट्यांना पूर्ण उतरते.

तिसऱ्या कसोटीपाशी मात्र प्रश्न येतो, आणि तो आपल्यालाच अधिक बोचणारा आहे. या वास्तूची कथा सांगताना चर्च हे केवळ आश्रयस्थान होते एवढेच सांगितले, तर ते सत्याचे अर्धे अंग झाले. ते अंग खरे आहे आणि अभिमानास्पदही आहे. दक्षिण आफ्रिकेतील कॅथलिक बिशपांनी 1957 साली वर्णभेद हा मुळातच दुष्ट आहे असे जाहीर केले. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर अनेक मिशन शाळा शासनाकडे गेल्या. कॅथलिक चर्चने मात्र आपल्या शाळा अनुदानाविना चालवण्याचा मार्ग पत्करला. डर्बनचे आर्चबिशप डेनिस हर्ली यांनी शासनाशी आयुष्यभर झुंज घेतली. बिशप परिषदेचे प्रिटोरिया येथील मुख्यालय, खान्या हाउस, 1988 साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ती आग लावलेली होती.

आता दुसरे अंग. याच चर्चमध्ये कित्येक दशके गोऱ्यांचे आणि काळ्यांचे धर्मग्राम वेगळे होते, शाळा वेगळ्या होत्या, धर्मगुरू घडवणारी सेमिनरीही वेगळी होती. 1970 साली पाच कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मगुरूंनी वृत्तपत्रातून निवेदन काढून आपल्याच चर्चने आपली निराशा केल्याचे सांगितले. गोऱ्यांच्या कॅथलिक शाळांनी कायद्याची पर्वा न करता सर्व वर्णांच्या मुलांना प्रवेश देण्यास आरंभ केला तो 1976 च्या सुमारास. म्हणजे बिशपांच्या त्या निवेदनानंतर जवळजवळ दोन दशके उलटली होती. छतातील भोके शासनाने पाडली. धर्मग्रामांमधील ही भिंत भाविकांनी स्वतः सांभाळली होती. सोवेटोच्या फुटक्या वेदीपुढे उभ्या राहिलेल्या कॅथलिक पाहुण्याला ही दुसरी गोष्टही सांगितली जावी. ती ऐकल्याने वेदीचे पावित्र्य उणे होत नाही. उलट पापनिवेदनाचा संस्कार मानणाऱ्या समाजाला तीच भाषा शोभते.

जोहान्सबर्गमधील अपार्टहाइट म्युझियम 2001 साली उघडले. तेथे तिकीट घेताना पाहुण्याच्या हाती ‘गोरा’ किंवा ‘गोरेतर’ असा शिक्का यदृच्छेने पडतो आणि त्यानुसार त्याला निराळ्या दारातून आत जावे लागते. पती एका दाराने, पत्नी दुसऱ्या दाराने, असेही घडू शकते. ही युक्ती परिणामकारक आहे यात शंका नाही. वर्णभेद हा शब्द वाचणे वेगळे आणि आपल्या माणसापासून दाराशी तुटणे वेगळे. परंतु युक्तीची मर्यादाही तेथेच आहे. हे तुटणे काही मिनिटांचे आहे आणि पाहुण्याला ते ठाऊक आहे. आपण तो अनुभव घेतला, असे समाधान त्याला मिळाले तर ती फसगत होईल. याच संग्रहालयात छतापासून लोंबणारे 131 फास आहेत. त्या राजवटीत राजकीय कारणासाठी फाशी गेलेल्यांची ती खूण आहे. तेथे कोणतीही युक्ती नाही, कोणालाही भूमिका दिलेली नाही. नुसती संख्या डोक्यावर लोंबत राहते. दाराच्या खेळापेक्षा हे मौन अधिक सच्चे वाटते.

आणखी एक विसंगती नोंदवणे भाग आहे. हे संग्रहालय एका करमणूक-उद्यानाला आणि जुगारगृहाला लागून आहे, आणि हा योगायोग नव्हे. जुगारगृहाचा परवाना मिळवताना काही सामाजिक उपक्रम करण्याची अट होती, तिच्यातून ते जन्मले. त्यामुळे त्यातील ज्ञान खोटे ठरत नाही. परंतु एकाच वाहनतळावर गाडी उभी करून सकाळी फास पाहायचे आणि दुपारी पाळण्यात बसायचे, अशी सोय झाली की दुःख हेही दिवसभराच्या कार्यक्रमातील एक कलम होऊन बसते.

केप टाउनच्या समुद्रातील रॉबेन बेटाची गोष्ट निराळी आहे. नेल्सन मंडेला यांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या कारावासातील अठरा वर्षे तेथे काढली. 1997 मध्ये बेटाचे संग्रहालय झाले आणि 1999 मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. तेथील तुरुंग दाखवण्याचे काम त्याच तुरुंगात राहिलेल्या माजी राजकीय कैद्यांवर सोपवण्यात आले. कथा कोणी सांगावी, या प्रश्नाचे याहून उत्तम उत्तर नाही. परंतु या उत्तराचीही किंमत आहे. ज्या कोठडीतून सुटण्यासाठी माणूस वर्षानुवर्षे तळमळला, तेथेच पोटासाठी रोज परतायचे आणि तेच अपमान नव्या पाहुण्यांना सांगायचे, हे सोपे नाही. शिवाय ही पिढी थकते आहे. ती गेल्यावर या भिंतींना आवाज कोण देणार, हा प्रश्न त्या देशापुढे आहे.

या तुरुंगात एक फलक दाखवला जातो. कैद्यांना मिळणाऱ्या अन्नाचे ते वर्णवार कोष्टक आहे. भारतीय आणि मिश्रवर्णीय कैद्यांना पाव मिळे, आफ्रिकी कैद्यांना तो नाकारलेला होता. साखरेचे मापही त्यांना कमी होते. अहमद कथ्राडा हे भारतीय वंशाचे सत्याग्रही मंडेलांसोबत येथे आले. त्यांना लांब विजार मिळाली आणि त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मंडेलांना अर्धी. एकाच लढ्यातील, एकाच शिक्षेचे हे कैदी; पण तुरुंगानेही त्यांच्यात उतरंड लावली. आपल्याकडून जाणारा पर्यटक दक्षिण आफ्रिकेत बहुधा गांधीजींच्या खुणा शोधतो. 1893 साली त्यांना जेथे गाडीतून उतरवले ते पीटरमारित्झबर्ग स्थानक, डर्बनजवळचा फिनिक्स आश्रम, जोहान्सबर्गचा जुना किल्ला-तुरुंग ही स्थळे तो श्रद्धेने पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण तेथे तो नेहमी अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. रॉबेन बेटावरील कोष्टक त्याला मधल्या पायरीवर उभे करते. वरून लाथ खाणारा, पण खालच्यापेक्षा पावाचा एक तुकडा अधिक मिळणारा, अशी ती जागा आहे. कथ्राडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उतरंड मनाने स्वीकारली नाही. समान वागणुकीसाठी ते भांडत राहिले. वेगळा पेला आणि वेगळा पाणवठा ज्या भूमीत अपरिचित नाहीत, तेथून गेलेल्या माणसाने या फलकापुढे जरा अधिक वेळ थांबावे.

माझ्या मते या सर्व स्थळांत वारसा-सहलीचा खरा आदर्श केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये आढळतो. शहराच्या कुशीत वसलेला हा भाग. मिश्रवर्णीय, आफ्रिकी, भारतीय, ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती असे सारे तेथे शेजारी राहत. 11 फेब्रुवारी 1966 रोजी शासनाने तो केवळ गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे घोषित केले. पुढील वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसांना उठवून केप फ्लॅट्सच्या वालुकामय पठारावर नेऊन टाकण्यात आले आणि घरांवर नांगर फिरवल्यासारखी यंत्रे फिरली. प्रार्थनामंदिरे तेवढी पाडली नाहीत. उजाड माळावर चर्च आणि मशिदी उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवतीची घरे नाहीशी झाली. धर्मग्राम म्हणजे काय, हे ज्यांना कळते त्यांना या चित्राची भीषणता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ज्या वेशीवर मुलांचे बाप्तिस्मे, बहिणींची लग्ने, आजोबांचे अंत्यविधी झाले ती वेस आहे, घंटा आहे, पण घंटा ऐकणारे घर नाही. तरी विस्थापित माणसे दूरवरून प्रवास करून आपल्या जुन्या मंदिरात प्रार्थनेसाठी येत राहिली.

डिसेंबर 1994 मध्ये तेथील एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय सुरू झाले. पाडापाडीच्या वेळी एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या नष्ट न करता जपून ठेवल्या होत्या. त्या आता तेथे टांगलेल्या आहेत. जमिनीवर त्या भागाचा मोठा नकाशा अंथरला आहे आणि जुन्या रहिवाशांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी स्वहस्ते नावे लिहिली आहेत. लांब कापडावर त्यांचे शब्द आहेत, आणि ते पुढे धाग्यांनी भरले जातात. मार्गदर्शन करणाऱ्यांत तेथून उठवले गेलेलेच लोक आहेत. येथे पाहुण्याला कोणतीही भूमिका दिली जात नाही. कोणाच्या तरी घरावर पाय पडू नये म्हणून तो नकाशावरून आपोआप जपून चालू लागतो.

या संग्रहालयाचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. ते आपली कथा पूर्ण झाली असे सांगत नाही. दाराबाहेर अजूनही मोकळा माळ आहे. जमीन परत मिळण्याचा कायदा 1994 मध्ये झाला. पहिली वृद्ध कुटुंबे परतली ती 2004 मध्ये. आणि 2019 मध्येही न्यायालयाला शासनाकडे पुनर्वसनाची योजना मागावी लागली. अनेक जण वाट पाहतच गेले. अन्यत्र बहुतेक सहलींचा शेवट 1994 च्या मतपेटीपाशी, इंद्रधनुष्यी राष्ट्राच्या चित्रापाशी होतो. तो शेवट सुखद आहे, पण अपुरा आहे. अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा शिक्षक 1971 साली जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. त्याने आत्महत्या केली असा निर्णय तेव्हा देण्यात आला. त्याचा खून झाला, हे न्यायालयाने मान्य केले ते 2017 मध्ये. सत्य आयोगाने खटल्यांसाठी पुढे पाठवलेली कित्येक प्रकरणे का रखडली, याची चौकशी करण्यासाठी 2025 साली नवा आयोग नेमावा लागला. समेटाची भाषा न्यायाला वगळून बोलली गेली की ती शेवटी दुखावलेल्याच्याच तोंडावर हात ठेवते.

उरला प्रश्न टाउनशिपमधील चालत्या सहलींचा. सोवेटोच्या विलाकाझी मार्गावर मंडेला आणि टुटू या दोन नोबेल मानकऱ्यांची घरे आहेत. जवळच, 1976 च्या गोळीबारात मेलेल्या हेक्टर पीटरसन या शाळकरी मुलाचे स्मारक आणि 2002 मध्ये उघडलेले संग्रहालय आहे. मरणासन्न हेक्टरला हातांवर घेऊन धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र सॅम न्झिमा यांनी टिपले आणि ते जगभर गेले. त्या चित्रात शेजारी धावणारी हेक्टरची बहीण आंत्वानेत पुढे त्याच संग्रहालयात पाहुण्यांना ती हकिगत सांगू लागली. त्याला उचलणाऱ्या तरुणाला मात्र देश सोडावा लागला आणि तो घरी परतला नाही. छायाचित्राची ही किंमत पाहुण्याने आपला कॅमेरा काढण्यापूर्वी लक्षात घ्यावी. कारण टाउनशिप हे संग्रहालय नव्हे. तेथे माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, रविवारी मिस्सेला जातात. अनोळखी मुलांची छायाचित्रे टिपत, दारात उभ्या असलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात डोकावत जाणारी सहल जुन्या सरकारी बसपेक्षा फार वेगळी नसते. उलट वस्तीतलाच माणूस वाट दाखवीत असेल, जेवण वस्तीतल्याच घरी होत असेल, पैसा तेथेच राहत असेल आणि पाहुण्यालाही प्रश्न विचारले जात असतील, तर ती भेट ठरते.

अशा भेटीचे एक टोक केप टाउनजवळच्या गुगुलेथूमध्ये दिसते. एमी बील ही अमेरिकन विद्यार्थिनी तेथे 25 ऑगस्ट 1993 रोजी जमावाच्या हातून मारली गेली. मारेकऱ्यांनी सत्य आयोगाकडे माफी मागितली तेव्हा तिच्या आईवडिलांनी विरोध केला नाही. 1998 मध्ये त्यांची सुटका झाली आणि त्यांतील दोघे पुढे तिच्याच नावाने चालणाऱ्या संस्थेत काम करू लागले. तिच्या स्मारकापासून जवळच, 1986 मध्ये पोलिसांनी सापळा रचून मारलेल्या सात तरुणांचेही स्मारक आहे. पहिल्यापाशी क्षमेची कथा सांगणे सोपे जाते. दुसऱ्यापाशीही तितकाच वेळ थांबणारा मार्गदर्शक खरा.

या सहलींना जाऊ नये, असे म्हणणे नाही. परदेशप्रवास आता आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आला आहे. पवित्र भूमीची यात्रा तर नित्याची झाली आहे. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्यांनी सिंह आणि टेबल माउंटन जरूर पाहावेत, आणि एक रविवार रेजिना मुंडीतील मिस्सेसाठी राखावा. त्या वेळी छताकडे बोट दाखवणारा मार्गदर्शक नसेल. गाणारी, मुलांना कडेवर घेतलेली माणसे असतील, आणि त्यांच्याबरोबर त्याच वेदीपुढे रांगेत उभे राहावे लागेल.